सांध्यावर अडणारं १२१: रूळ पुसूनही परत परत येणारा दोष

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल.

मॉडेल रेल्वेचं इंजिन स्टेशनातून सावकाश निघतं. लूपच्या (बाजूच्या वाटेच्या) सांध्यावर, म्हणजे जिथे एका रुळाच्या दोन वाटा होतात तिथे येतं, पुढची चाकं सांध्याच्या पात्यावर चढतात आणि तिथेच सगळं थांबतं. दिवे विझतात, आवाज तुटतो. बोटानं केसभर पुढे सरकवलं की दिवे परत लागतात, डिकोडर (इंजिनातलं हुकूम वाचणारं आणि आवाज काढणारं छोटं सर्किट) डिझेल सुरू होण्याचा आवाज पहिल्यापासून काढतो आणि गाडी निमूट पुढे जाते. रूळ पुसले की आठ-पंधरा दिवस छान चालतं. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी तीच जागा, तोच प्रकार. माझ्याकडे हे दोन हिवाळे चाललं होतं. मधे मी तो सांधा काढून नवा बसवला, रंगवला, भोवती खडी चिकटवली. नव्या सांध्यावरही महिन्याभरात तेच सुरू झालं.

कारण सापडलं तेव्हा कळलं की कारणं दोन आहेत. एक दोष इंजिनात होता आणि एक सांध्यात. दोन्ही अर्धवट. एकटा दोष गाडी थांबवू शकत नव्हता, दोघं एका क्षणी एकत्र आले की गाडी थांबायची. मी दर वेळी त्यातला एक थोडासा बरा करायचो आणि दुखणं गेलं असं समजायचो. तुमचाही दोष असाच जाऊन परत येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

गाडी आणि मांडणी

मी डब्लिनच्या उत्तरेला, समुद्राजवळ राहतो. घरामागच्या लाकडी शेडमध्ये साडेतीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद फळीवर एक काल्पनिक आयरिश शाखा-स्टेशन उभं केलंय. काळ साधारण १९७०-८० चा. एक फलाट, एक लूप, मालधक्का आणि गुरं चढवायच्या धक्क्याची सायडिंग. प्रमाण ओओ, म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. गाड्या डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या डिजिटल पद्धतीवर चालतात. हे वेड लागलं ते लहानपणी पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून, पण तिथल्या गाड्या अशा अडलेल्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

आयरिश गाड्यांचं मॉडेल करताना एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. आयर्लंडमध्ये दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, पाच फूट तीन इंच आहे, १६०० मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ७६ मिलिमीटर कमी, ब्रिटनच्या गेजपेक्षा १६५ मिलिमीटर जास्त. सुरुवातीला इथे प्रत्येक कंपनीचं गेज वेगळं होतं. १८३४ साली सुरू झालेली डब्लिन-किंग्जटाऊन गाडी ब्रिटिश गेजवर धावली, अल्स्टर रेल्वे सहा फूट दोन इंचांवर, डब्लिन-ड्रॉहेडा पाच फूट दोन इंचांवर. १८४६ च्या कायद्यानं सगळ्यांना पाच फूट तीन इंचांवर आणलं. ओओ प्रमाणात हे गेज बरोबर २१ मिलिमीटर होतं. बाजारात मिळणारा ओओचा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो. २१ चा रूळ आणि सांधे स्वतः हातानं बनवणारे लोक इथे आहेत, त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. मी १६.५ वरच आहे. मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स यांच्यामुळे आयरिश इंजिनं आणि वाघिणी तयार मिळायला लागल्या, आणि माझ्यासारख्या नोकरी सांभाळून छंद करणाऱ्याला ते पुरेसं आहे.

अडणारं इंजिन १२१ वर्गाचं. हे वर्णन जरा लांबवतो, कारण दोषाचा धागा त्यातच आहे. जनरल मोटर्सनं अमेरिकेत बांधलेली ही पंधरा इंजिनं १९६१ च्या सुमारास कोरास इंपार एरेन, म्हणजे सीआयई या आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीकडे आली, करड्या-पिवळ्या रंगात. सीआयईची जनरल मोटर्सची ही पहिली डिझेलं. आत आठ सिलिंडरचं ५६७ मालिकेचं टू-स्ट्रोक इंजिन. याच घराण्याचं पुढचं ७१० मालिकेचं इंजिन आयर्लंडच्या २०१ वर्गात बारा सिलिंडरचं आहे आणि आपल्याकडच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेलमध्ये सोळा सिलिंडरचं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनात २०१ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फलाटावर थबकलोच होतो. आवाज घरचा होता.

१२१ ला चालकाची केबिन एकाच टोकाला. त्यामुळे शाखामार्गाच्या शेवटाला इंजिन फिरवायला टर्नटेबल लागायचं. वाफेची इंजिनं गेली तशी टर्नटेबलंही गेली, आणि मग या इंजिनांच्या जोड्या करून, दोन्ही टोकांना केबिन येईल अशा चालवायला लागले. मीही तशीच जोडी चालवायचो. आणि जोडीमुळेच दोष इतके दिवस लपला.

जोडीत दोष दिसत नाही

दोन इंजिनं एकमेकांना जोडलेली असताना पहिल्याची वीज गेली तरी दुसरं त्याला ढकलतं. पहिलं अर्धा सेकंद बेशुद्ध पडतं, पुढच्या रुळावर जाऊन परत शुद्धीवर येतं. आवाज बंद ठेवून चालवत असाल तर तुमच्या लक्षातही येत नाही. रविवारी मित्र आले की मी जोडी काढायचो आणि सगळं सुरळीत चालायचं. मधल्या दिवसांत एकटं इंजिन चार सिमेंटच्या वाघिणी घेऊन निघालं की अडायचं. मला वाटायचं, आठवडाभरात रूळ मळतात.

म्हणून तपासणीचा पहिला नियम: जोडी तोडा. एकच इंजिन घ्या, मागे एकही डबा नको, आणि वेग इतका कमी ठेवा की चाक फिरताना डोळ्यांना दिसलं पाहिजे. वेगात असलेलं इंजिन स्वतःच्या रेट्यानं मेलेली जागा ओलांडून जातं. गोगलगायीच्या चालीनं चाललेलं इंजिन मात्र जागा दाखवतं.

इंजिन की जागा?

बहुतेकजण इथे लगेच रूळ पुसायला घेतात. थांबा. पुसलंत की पुरावा गेला.

आधी दुसरं इंजिन त्याच जागेवरून, त्याच दिशेनं, त्याच वेगानं न्या. माझ्याकडे १४१ वर्गाचं इंजिन होतं. ते अडलं नाही, म्हणजे जागा निर्दोष आणि इंजिन खराब, असा निष्कर्ष मी काढला. मग १२१ बाकीच्या सगळ्या मांडणीवर फिरवलं, तर ते कुठेच अडलं नाही. म्हणजे इंजिन निर्दोष आणि जागा खराब. दोन चाचण्यांची दोन उत्तरं, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. या घोटाळ्यात मी कित्येक महिने होतो.

त्यातून सोडवलं ते इथल्या एका निवृत्त सिग्नल फिटरनं. आयुष्यभर खऱ्या रेल्वेच्या सांध्यांची देखभाल केलेला माणूस. त्यांनी दहा मिनिटं काही न बोलता पाहिलं, मग विचारलं, "हे इंजिन तू कधी फिरवून ठेवलंयस का?"

नव्हतं ठेवलं. मागे-पुढे करायचो, उचलून तोंड उलटं करून मात्र कधीच ठेवलं नव्हतं. मांडणीवर टर्नटेबल नाही, त्यामुळे केबिन कायम एकाच दिशेला. त्यांनी इंजिन उचललं, तोंड फिरवलं, ठेवलं. त्याच सांध्यावरून, त्याच दिशेनं. इंजिन गेलं. परत आणलं, परत गेलं. दहा वेळा गेलं. पुन्हा पहिल्यासारखं ठेवलं, दुसऱ्याच फेरीला अडलं.

ही चाचणी मी आता सगळ्यांना सांगतो. तोंड फिरवल्यावर दोष जात असेल, तर दोष दोन्हीकडे आहे. कसं ते बघा. इंजिनाखाली दोन बोग्या असतात. (आपण बोलताना डब्याला बोगी म्हणतो, इथे बोगी म्हणजे इंजिनाखालचा चार चाकांचा गाडा.) प्रत्येक बोगी डाव्या आणि उजव्या, दोन्ही रुळांतून वीज घेते. समजा मागच्या बोगीची डावी बाजू वीज घेत नाही. एरवी काही बिघडत नाही, पुढची बोगी डाव्या रुळातून घेतच असते. आता पुढची बोगी सांध्यावर गेली आणि सांध्याचं डावं पातं त्या क्षणी मेलेलं असलं, तर पुढचीही डावी बाजू गेली. डावीकडून वीज यायला एकही चाक उरलं नाही. इंजिन थांबलं. तोंड फिरवलं की खराब बोगी पुढे जाते, तिची मेलेली बाजू उजवीकडे येते, मागची चांगली बोगी दोन्ही रुळांवरून वीज देत राहते. पुढे मागची बोगी मेलेल्या पात्यावर आली, तरी तोवर पुढची बोगी सांधा ओलांडून डावीकडून वीज घेऊ लागलेली असते. गाडी थांबत नाही. १४१ अडलं नाही, कारण त्याच्या दोन्ही बोग्या धड होत्या. १२१ इतरत्र अडलं नाही, कारण इतरत्र रूळ धड होता.

इंजिनातला अर्धा दोष

चाकं साफ करायची सगळ्यांना माहीत असलेली पद्धत आहे, तीच तपासणीसाठी वापरा. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओली करा (भिजवून चिंब नको), रुळांवर आडवी टाका. इंजिनाची एक बोगी पट्टीवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, वरून हलक्या हातानं धरून वेग द्या. पट्टीवरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. पट्टी सरकवा, पुन्हा फिरवा, पट्टे करडे होऊन नाहीसे होईपर्यंत. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि जुन्या हातरंगाच्या मॉडेलच्या अंगावर थेंब उडू देऊ नका, रंग निघतो.

या वेळी वीज कुठून येतेय ते बघा. पट्टीवरची बोगी कागदामुळे रुळापासून तुटलेली आहे. म्हणजे इंजिन आता फक्त दुसऱ्या, रुळावरच्या बोगीवर जगतंय. माझ्या १२१ ची केबिनकडची बोगी पट्टीवर ठेवली तेव्हा इंजिन एकदम गप्प झालं. लांब नाकाकडची, म्हणजे केबिनच्या उलट टोकाची बोगी एकटी त्याला चालवू शकत नव्हती. हीच पट्टी मी याआधी निदान तीस वेळा वापरली होती, आणि इंजिन असं गप्प झालं की पट्टी जास्त ओली झाली असावी म्हणून बाजूला ठेवायचो.

मग वरचं कवच काढलं. मल्टिमीटर सलगतेच्या आवाजावर (जोड सलग असला की वाजतो) ठेवून एक टोक चाकाला, दुसरं वरच्या सर्किट बोर्डावर त्या चाकाची तार जिथे पोचते तिथे. सात चाकं-तारांच्या जोड्या तपासायच्या आधीच दोषी बाजू सापडली: मीटर वाजला, थांबला, बोगी जरा हलवल्यावर परत वाजला. भिंग घेऊन पाहिलं तर बोगीवरच्या पितळी पत्तीला जोडलेल्या तारेचा डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला होता. तार जागच्या जागी होती, पत्तीला टेकलेलीही होती, फक्त धरलेली नव्हती. बोगी सरळ असताना टेकायची, सांध्यावर वळताना सुटायची. जुना डाग काढला, पत्ती कानशीनं जराशी खरवडली, फ्लक्स लावला आणि दोन सेकंदांत नवा डाग दिला. जास्त वेळ सोल्डरिंगचं लोखंड टेकवलं तर बोगीचं प्लॅस्टिक वितळतं.

तुमच्या इंजिनात डाग शाबूत असेल, तर पत्ती चाकाच्या मागच्या अंगाला खरोखर टेकतेय का बघा. गालिच्याचा एक धागा अक्षाला गुंडाळला गेला तरी पत्ती उचलली जाते. चिमट्यानं काढा, ओढू नका, उलटं फिरवून सोडवा. आणि हात घातलाच आहे तर चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर मोजून घ्या. ओओसाठी १४.४ ते १४.५ मिलिमीटर. ते चुकलं असेल तर सांध्यावर इंजिन अडत नाही, उडी मारतं किंवा घसरतं. तो रोग वेगळा.

सांध्यातला अर्धा दोष

इंजिन दुरुस्त झालं, गाडी चालायला लागली. इथे थांबलो असतो तर दुसरं एखादं इंजिन पुढच्या हिवाळ्यात तिथेच अडलं असतं.

जिवंत फ्रॉगच्या सांध्यात (फ्रॉग म्हणजे दोन वाटांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो धातूचा चिमटा) पात्यांना आणि फ्रॉगला वीज कशी मिळते, ते मॉडेल उलटं करून एकदा नीट बघा. पातं सरकून बाजूच्या पक्क्या रुळाला टेकतं, आणि त्या टेकण्यातूनच वीज आत जाते. दुसरी वाट नाही. टेकण्याची जागा नखाच्या टोकाएवढी. मी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवल्या होत्या, खडी पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकानं चिकटवली होती. रंगाचा एक कण आणि डिंकाची एक पापुद्र्यासारखी साय नेमकी पातं आणि रूळ यांच्या मधे. रूळ पुसताना कापडाचा कोपरा तिथे जायचा, थोडं साफ व्हायचं, म्हणून पंधरा दिवस बरे जायचे. नव्या सांध्यालाही मी तोच रंग आणि तोच डिंक लावला होता.

तात्पुरता उपाय सोपा. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून पातं आणि रूळ यांच्या मधे धरायची, पातं बोटानं दाबायचं, पट्टी ओढून काढायची. तीन-चार वेळा.

कायमचा उपाय म्हणजे पात्याच्या टेकण्यावर भरवसा ठेवणंच सोडून द्यायचं. सांध्याच्या पोटाला पाती आणि फ्रॉग यांच्यातली जोड तोडायची, प्रत्येक पात्यामागच्या रुळाला त्याच्या शेजारच्या पक्क्या रुळाशी बारीक तारेनं कायमचं जोडायचं, आणि फ्रॉगला स्वतंत्र तार देऊन ती एका छोट्या स्विचमधून घ्यायची. सांधा फिरला की स्विच फिरतो आणि फ्रॉगला योग्य बाजूची वीज मिळते. फ्रॉगच्या पुढच्या दोन आतल्या रुळांना प्लॅस्टिकच्या फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) घालायला विसरू नका, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूनं आली की शॉर्ट. हे काम सांधा बसवायच्या आधी वीस मिनिटांचं आहे. बसवल्यावर, खडीत रुतलेला सांधा सोडवून करायला मला पूर्ण शनिवार लागला.

तुमचा सांधा प्लॅस्टिक फ्रॉगचा असेल, तर फ्रॉगवर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची जागा मेलेली असते. चार अक्षांचं, आठही चाकांनी वीज घेणारं इंजिन तिथे अडायला नको. अडत असेल तर सांध्याला दोष देऊ नका, एक बोगी उपाशी आहे. लहान, दोन अक्षांची शंटिंग इंजिनं मात्र तिथे अडणारच.

मीटरवर पूर्ण विश्वास ठेवू नका

मी सांध्याच्या पलीकडे कित्येकदा मीटर लावून पाहिला होता. व्होल्टेज पूर्ण दिसायचं, मग मी दुसरीकडे शोधायला जायचो. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. इंजिन चालायला लागलं, ध्वनीचा डिकोडर अर्धा अँपिअर मागायला लागला, की त्याच जोडावर व्होल्ट गळतात.

खरी परीक्षा नाण्याची. एक युरोचं नाणं घ्यायचं आणि दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. डीसीसीचा बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारं यंत्र, तत्क्षणी पडला पाहिजे, म्हणजे शॉर्ट ओळखून त्यानं वीज तोडली पाहिजे. पडला, तर त्या जागेपर्यंतची तारजोडणी भक्कम आहे. लगेच नाणं उचला आणि दर फुटावर हेच करत जा. बूस्टर पडला नाही, तर नाणं आणखी एक सेकंदही ठेवू नका. गणित साधं आहे. १५ व्होल्ट, वाटेत पाच ओहमचा वाईट जोड, म्हणजे तीन अँपिअर. बूस्टर पाच अँपिअरचा असेल तर त्याला हे शॉर्ट वाटतच नाही, तो आनंदानं वीज देत राहतो. तीन गुणिले पंधरा, ४५ वॉट. सोल्डरिंगच्या लोखंडाएवढी उष्णता, आणि त्यातली बरीचशी त्या एका जोडावर. स्लीपर वितळतात, कधी डब्याची चाकं. आयर्लंडच्या नेहमीच्या नाण्यांच्या एका बाजूला हार्प, म्हणजे इथलं वीणेसारखं तारांचं वाद्य आहे. माझ्या शेडमध्ये एक नाणं खिळ्यावर टांगायच्या डबीत कायम असतं, त्यावरच्या हार्पच्या तारा आता थोड्या काळवंडल्यात.

माझ्याकडे सांध्यापलीकडच्या तीन जागी बूस्टर पडला नाही. कारण सगळीकडे सारखं: वीज एका फिशप्लेटमधून दुसऱ्या फिशप्लेटमध्ये, अशी उसनवारीवर चालली होती. फिशप्लेट रूळ सरळ रांगेत धरायला आहे, वीज वाहायला नाही. फळीखालून दोन जाड तारा, दीड चौरस मिलिमीटरच्या, मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, तो चार इंचांचा असला तरी, स्वतःच्या दोन बारीक तारा द्या आणि त्या जाड तारांना जोडा. बारीक तार शक्य तितकी आखूड ठेवा. लाल आणि काळा हे दोनच रंग वापरा, आणि पुढचं टोक कुठलं ते फळीच्या पोटावर खडूनं लिहा. आडवं पडून काम करताना डावं-उजवं उलटतं.

सगळ्या फिशप्लेटना डाग देऊन रूळ अखंड करावा, असं काहीजण सांगतात. ते करू नका. रुळाची ही धातू म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर, तांबं-निकेल-जस्त, चांदीचा कण नाही. एक मीटर रूळ वीस अंशांच्या फरकानं साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. ते वाढणं कुठेतरी जायला हवं.

ओलावा

दोष हिवाळ्यातच का यायचा, हे नंतर लक्षात आलं. इथली थंडी कोरडी नाही. शेडमधलं लाकूड ऑक्टोबरपासून पाणी पितं, फळी फुगते, फिशप्लेट मिलिमीटरभर सरकतात. मी संध्याकाळी गॅसचा हीटर लावून शेड झटपट तापवायचो. गॅस जळताना वाफ तयार होते, ती वाफ सगळ्यात आधी थंड धातूवर बसते, म्हणजे रुळांवर. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, ओल आणि धूळ मिळून काळी साय बसते. मी स्वतःच रोज संध्याकाळी रुळांना दव पाजत होतो.

आता विजेचा लहान हीटर अगदी मंद, आणि हवेतलं पाणी ओढणारं यंत्र. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं दहा युरोचं घड्याळ आहे, ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. कोकणात किंवा मुंबईत मांडणी असेल तर पावसाळ्यात हेच, वर खारं वारं. मांडणीवर चादर टाका, पण ओल आत कोंडेल अशी प्लॅस्टिकची नको, सुती टाका.

खरखरीत रबरानं रूळ घासणं मी बंद केलंय. त्यानं रुळावर ओरखडे पडतात आणि मळ त्यातच बसतो. अल्कोहोलचं कापड, त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ६बी पेन्सिलीचा रुळाच्या आतल्या कडेवर एक हलका हात. हलका म्हणजे खरोखर हलका, जास्त झालं तर चढावर चाकं घसरतात.

थोडं २१ मिलिमीटरवाल्यांसाठी. तांब्याच्या पत्र्याच्या स्लीपरवर रूळ डाग देऊन सांधा बांधत असाल, तर प्रत्येक स्लीपरच्या तांब्यात कापलेली फट बघा. कानशीचा चुरा फटीत अडकला की कधी शॉर्ट होतो, कधी होत नाही. टोकदार सुरीनं फट मोकळी करा आणि मीटर वाजत नाही याची खात्री झाल्यावरच रंग लावा.

डिकोडरला वीज साठवणारा कपॅसिटर जोडला की असे सगळे दोष एका फटक्यात नाहीसे होतात. मला ठाऊक आहे, आणि मीही नंतर तो जोडला. पण नंतर. सुटलेला डाग आणि डिंक लागलेलं पातं तसंच ठेवून कपॅसिटर जोडला असता, तर जोडी चालवताना झालं तेच झालं असतं, दोष आत वाढत राहिला असता आणि एक दिवस कपॅसिटरलाही पुरला नसता.

हे सगळं होऊन सात महिने झाले, त्यात एक पूर्ण हिवाळा आला. १२१ आता दोन्ही तोंडांनी, एकटं, चार सिमेंटच्या वाघिणी घेऊन त्या सांध्यावरून जातं, आणि आवाज तुटत नाही. राहिली आहे ती गुरांच्या धक्क्याची सायडिंग. तिच्या शेवटच्या फुटावर अजून जुनीच तार आहे आणि नाणं ठेवलं की बूस्टर पडत नाही, म्हणून तूर्त तिथे एक रिकामी वाघीण उभी करून ठेवली आहे.